निवांत खेळांचे घड्याळ : जपानी रोल-प्लेइंग गेममधील हलकेफुलके जग आणि त्यातील निवड

व्हिडिओ गेम म्हटले की धावपळ, गोळीबार आणि शेवटच्या क्षणी कसाबसा वाचलेला जीव, अशीच चित्रे बहुतेकांच्या डोळ्यांपुढे उभी राहतात. परंतु जपानमध्ये जवळपास चाळीस वर्षे अशीही एक परंपरा नांदत आली आहे की जिच्यात नायक विहिरीत डोकावून पाहतो, गावातील प्रत्येक घराचे दार ठोठावतो, संध्याकाळी मासे पकडत बसतो आणि तरीही त्याच्या कथेचे काही बिघडत नाही. ही परंपरा रोल-प्लेइंग गेम या प्रकारात मोडते. रोल-प्लेइंग गेम म्हणजे ज्यात खेळणारा एखाद्या पात्राची भूमिका घेऊन कल्पित जगात वावरतो, तेथील लोकांशी बोलतो, अनुभव गाठीशी बांधतो आणि त्या अनुभवाच्या बळावर ते पात्र टप्प्याटप्प्याने समर्थ होत जाते, असा खेळ. त्याचे मूळ अमेरिकेत आहे. 1974 साली तेथे ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ हा फासे आणि कागद-पेन्सिल घेऊन टेबलाभोवती बसून खेळण्याचा खेळ निघाला, 1981 मध्ये ‘विझर्ड्री’ आणि ‘अल्टिमा’ या खेळांनी तो प्रकार संगणकावर रुजवला, आणि तेथून तो जपानमध्ये पोहोचल्यावर त्याचा स्वभावच पालटला.

या प्रकारातील हलकेफुलके आणि संथ खेळ शोधू पाहणाऱ्याची पहिली अडचण अशी की, वेष्टनावरील चित्रांवरून काहीच कळत नाही. टपोरे डोळे, फिकट गुलाबी आकाश, हसरी मांजरे आणि पावांचे दुकान असलेला खेळ प्रत्यक्षात खेळाडूच्या मानेवर सतत मुदतीचे जू ठेवणारा असू शकतो, तर तलवार आणि ड्रॅगन मिरवणारा खेळ अत्यंत सोशिक निघू शकतो. म्हणून अशा खेळाची पारख करताना पाहावे ते त्यातील घड्याळ : वेळ केव्हा पुढे सरकते, केव्हा थांबते, आणि वाया गेलेल्या वेळेची किंमत खेळाडूकडून कशी वसूल केली जाते. एवढे कळले की बाकी बहुतेक गोष्टी आपोआप कळतात.

तलवारीचा आणि ड्रॅगनचा तो सोशिक खेळ म्हणजे ‘ड्रॅगन क्वेस्ट’. 27 मे 1986 रोजी एनिक्स या कंपनीने तो निन्टेंडोच्या फॅमिकॉम या घरगुती यंत्रासाठी प्रसिद्ध केला. त्याची रचना युजी होरी यांची, चित्रे पुढे ‘ड्रॅगन बॉल’मुळे जगभर ओळखले गेलेले अकिरा तोरियामा यांची आणि संगीत कोइची सुगियामा यांचे. अमेरिकी संगणकांवरील खेळ किचकट होते, त्यांना कीबोर्ड लागे आणि चुकीला क्षमा नसे. होरी यांनी मोजक्याच आज्ञांची एक छोटी यादी पडद्यावर ठेवली आणि लढाई पाळीपाळीने चालवली. खेळाडूने ‘हल्ला’ किंवा ‘पळ’ यांपैकी काही निवडेपर्यंत समोरचा राक्षस मुकाट्याने उभा राहतो. त्या अवधीत खेळाडूने चहा टाकून यायचे म्हटले तरी हरकत नसते. नायक लढाईत पडला तर तो राजासमोर पुन्हा जागा होतो, त्याच्याजवळचे निम्मे सोने जाते, पण मिळवलेला अनुभव त्याच्यापाशीच राहतो. ज्याची बोटे चपळ नाहीत अशा माणसालाही पुरेसा वेळ दिला तर कथा पूर्ण करता यावी, ही होरी यांची भूमिका या नियमात स्वच्छ दिसते. पहिल्याच मैदानात भेटणारा स्लाइम नावाचा राक्षसही याच वृत्तीचा आहे. होरी यांच्या कच्च्या रेखाटनात तो चिकट लगद्याचा ढीग होता. तोरियामा यांनी त्याला टोकदार थेंबाचा आकार आणि भाबडे हसू दिले, आणि शत्रूकडे पाहताच खेळाडूला हसू फुटावे ही कल्पना त्या मालिकेत कायमची वस्तीला आली.

होरी यांनी थांबलेले घड्याळ दिले, तर यासुहिरो वादा यांनी चालणारे घड्याळ दिले आणि तरीही त्यातून शांतता साधली. क्यूशू बेटावरील मियाझाकी प्रांतातून तोक्योत आलेल्या वादा यांना गावाकडील जगण्यातले चांगले काय ते खेळातून मांडायचे होते, आणि मारामारीवाचून खेळ रंगतो हे दाखवायचे होते. 1996 च्या ऑगस्टमध्ये आलेल्या त्यांच्या ‘बोकुजो मोनोगातारी’ या खेळात पडीक शेत ताब्यात घेऊन ते पिकते करणे, गाय-कोंबड्या सांभाळणे, गावच्या सणांत भाग घेणे आणि जमल्यास लग्न करणे एवढीच कथा आहे. प्रत्येक ऋतू 30 दिवसांचा असून अडीच वर्षांनंतर घरची वडीलधारी माणसे येऊन कामाचा आढावा घेतात. त्या पहिल्या खेळात घराच्या आत वेळ सरकत नसे, आणि संध्याकाळी सहा वाजले की बाहेरचे घड्याळही थांबून रात्र हवी तितकी लांबत असे. पुढच्या अनेक शेतीखेळांनी ही रात्रीची सवलत काढून घेतली. म्हणूनच शेतीखेळ म्हणजे सर्वांत निवांत, हा सार्वत्रिक समज जपूनच स्वीकारावा लागतो. नवख्या खेळाडूला पहिल्या दोन महिन्यांत पाणी घालणे, दुकान बंद होण्यापूर्वी बियाणे आणणे आणि अंगातील शक्ती संपण्याआधी घरी पोहोचणे यांची जी ओढाताण होते, ती एखाद्या लढाईपेक्षा कमी नसते. काही दिवस वाया घालवण्याची तयारी ठेवली आणि नफ्याचा हिशेब सोडून दिला, तर मात्र हेच खेळ खुलतात.

या मालिकेबाबत खरेदीदाराने एक बाब ध्यानात ठेवणे आवश्यक आहे. इंग्रजीत ती पूर्वी ‘हार्वेस्ट मून’ या नावाने विकली जाई. 2015 पासून मूळ जपानी मालिका ‘स्टोरी ऑफ सीझन्स’ या नावाने येते, आणि जुने नाव मात्र दुसऱ्या प्रकाशकाकडे राहिल्यामुळे त्या नावाखाली निराळेच खेळ निघतात. आरंभासाठी ‘फ्रेंड्स ऑफ मिनरल टाउन’ची नवी आवृत्ती योग्य ठरते, कारण तीत सोप्या पातळीचा पर्याय ठेवलेला आहे. याच मालिकेतून 2006 मध्ये ‘रून फॅक्टरी’ ही शाखा फुटली आणि तीत शेतीला गुहा, तलवारी व राक्षस येऊन मिळाले. पण तेथे हरलेला राक्षस मरत नाही, तो आपल्या मूळ जगात परततो, आणि भेटवस्तू देऊन माणसाळवला तर शेताला पाणीही घालतो. या शाखेतील ‘रून फॅक्टरी 4’ आजही सर्वांत रसरशीत वाटतो.

वेष्टन आणि घड्याळ यांतील अंतर सर्वाधिक जाणवते ते किमयागारांच्या आणि दुकानदारांच्या खेळांत. नागानो येथील गस्ट या कंपनीने 1997 मध्ये ‘अतेलिये मारी’ प्रसिद्ध केला. जगाला वाचवण्याचे काम आता पुरे झाले, अशा आशयाच्या वाक्याने त्याची जाहिरात केली गेली होती, आणि खरोखरच त्याची नायिका जगाला वाचवत नाही. किमयाविद्येच्या शाळेतील सर्वांत कच्ची विद्यार्थिनी असलेल्या मारीला शिक्षिका एक कार्यशाळा देतात आणि पाच वर्षांत काहीतरी उत्तम बनवून दाखवायला सांगतात. रानातून वनस्पती गोळा करायला जाण्यात दिवस जातात, त्यांपासून औषध बनवण्यात दिवस जातात, आणि खेळकर संवादांच्या मागे दिनदर्शिका चालूच राहते. मालिकेच्या चाहत्यांना ही मुदत प्रिय आहे, कारण तिच्यामुळे प्रत्येक निर्णयाला वजन येते. परंतु निवांतपणाच्या शोधात आलेल्या वाचकाला ती जाचक होईल. गस्टलाही हे उमगलेले दिसते, कारण 2023 च्या नव्या आवृत्तीत मुदतीशिवाय खेळण्याची सोय केलेली आहे, आणि 2019 च्या ‘अतेलिये रायझा’ या खेळात तर मुदत मुळातच नाही. रायझा ही एका बेटावरील शेतकऱ्याची मुलगी असून, शेतकामाचा कंटाळा, दोन मित्र आणि एक उन्हाळा एवढ्या सामग्रीवर तिच्या कथेचा पहिला भाग उभा आहे. तिच्या लढाया मात्र पाळीची वाट न पाहता वेगाने पुढे सरकतात, त्यामुळे सुरुवातीला सोपी पातळी निवडलेली बरी.

‘रेसेतिएर’ या 2007 च्या खेळात एका लहान मुलीला वडिलांचे कर्ज फेडण्यासाठी घरातच दुकान थाटावे लागते. तिची घासाघीस, गिऱ्हाइकांचे नखरे आणि तिच्यासोबत राहणाऱ्या परीची बोलणी अतिशय गमतीची आहेत, पण दर आठवड्याला हप्ता भरावा लागतो आणि तो वाढत जातो. हप्ता चुकला तर खेळ पुन्हा पहिल्या दिवसावर येतो. खेळ उत्तम आहे आणि हलकाफुलकाही आहे, संथ मात्र मुळीच नाही. हे दोन गुण एकमेकांपासून किती वेगळे असू शकतात, याचे इतके नेमके उदाहरण दुसरे सापडणे कठीण.

संथपणाची ही ओढ समजून घ्यायची तर त्या काळाकडेही पाहावे लागते. 1990 नंतर जपानची अर्थव्यवस्था दीर्घ मंदीत सापडली होती, 1995 च्या जानेवारीत कोबेचा भूकंप झाला आणि मार्चमध्ये तोक्योच्या भुयारी रेल्वेत विषारी वायूचा हल्ला झाला. त्यानंतरच्या वर्षांत मनाला विसावा देणाऱ्या संगीताला, चित्रकथांना आणि पुस्तकांना तेथे मोठी मागणी आली, आणि अशा कलाकृतींना ‘इयाशी-केइ’, म्हणजे मनाची जखम भरून आणणाऱ्या, असे म्हटले जाऊ लागले. खेळांच्या क्षेत्रात या वृत्तीचा शुद्ध आविष्कार म्हणजे काझ आयाबे यांचा 2000 सालचा ‘बोकु नो नात्सुयासुमी’. 1975 चा ऑगस्ट महिना, आईचे दिवस भरत आल्यामुळे नातेवाइकांकडे गावी पाठवलेला एक मुलगा, आणि सुटीचे 31 दिवस. पात्राचे सामर्थ्य वाढत नसल्यामुळे काटेकोरपणे पाहता हा रोल-प्लेइंग गेम नव्हे, तरीही त्याचे घड्याळ या सगळ्या परंपरेला समजून घेण्यासाठी मोलाचे आहे. त्यात वेळ सेकंदांनी सरकत नाही. मुलगा एका दृश्यातून दुसऱ्या दृश्यात गेला, अंगणातून पायवाटेवर किंवा पायवाटेवरून ओढ्याकाठी, की दिवस थोडा कलतो. एका जागी उभे राहून झाडावरचा किडा न्याहाळत बसले तर सूर्यही थांबतो. लहानपणी लक्ष गुंतले की वेळेचे भान कसे सुटते, हे एका साध्या तांत्रिक नियमातून इतक्या अचूकपणे सांगणारी रचना क्वचितच आढळते. रात्री तो मुलगा दिवसभरातील एखाद्या प्रसंगाचे चित्र वहीत काढतो, कारण सुटीतील चित्र-दैनंदिनी हा जपानी शाळांचा नेहमीचा गृहपाठ आहे.

या मालिकेची अधिकृत इंग्रजी आवृत्ती निघाली नाही, परंतु आयाबे यांनी याच रचनेवर 2021 मध्ये एक खेळ केला आणि त्याचा नायक मराठी घरांतील मुलांना चांगलाच परिचित आहे : हिंदी वाहिन्यांमुळे घरोघरी पोहोचलेला खोडकर शिनचॅन. क्यूशूमधील कुमामोतो प्रांतातल्या एका गावी तो सुटीला जातो, किडे आणि मासे पकडतो, गावच्या वृत्तपत्रासाठी बातम्या गोळा करतो, आणि एका विक्षिप्त प्राध्यापकामुळे त्याचा आठवडा पुन्हा पुन्हा सुरू होतो. इंग्रजी आवृत्ती उपलब्ध असल्यामुळे, मुलांसोबत बसून खेळण्यासाठी या लेखातील सर्वांत सोयीचा खेळ हाच आहे.

मात्र संथपणाला श्रमाची जोड दिली तर काय घडते, हे पाहायचे असेल तर ‘साकुना : ऑफ राइस अँड रुइन’कडे वळावे लागते. मोठ्या कंपन्यांबाहेर स्वतःच्या हौसेने आणि खर्चाने खेळ बनवणाऱ्या छोट्या गटांना जपानमध्ये ‘दोजिन’ गट म्हणतात. एडलवाइस या अशाच दोन जणांच्या गटाने हा खेळ अनेक वर्षे खपून घडवला आणि नोव्हेंबर 2020 मध्ये तो प्रसिद्ध झाला. लाडावलेली एक देवी शिक्षा म्हणून राक्षसांच्या बेटावर येऊन पडते आणि तेथे तिला भातशेती करावी लागते. ही भातशेती बटण दाबले आणि पीक आले अशी नाही. बियाणे निवडताना ते मिठाच्या पाण्यात टाकून तरंगणारे पोकळ दाणे काढून टाकायचे, चिखलणी करायची, रोपे लावताना मागे मागे सरकत, दोन रोपांतील अंतर सांभाळत लावणी करायची, बांधावरील दार उघडझाप करून पाण्याची पातळी दिवसागणिक बदलायची, तण काढायचे, खत कालवायचे, कापणी झाल्यावर पेंढ्या आडव्या काठ्यांवर वाळत घालायच्या, झोडणी करायची आणि शेवटी मुसळाने कांडायचे. किती कांडायचे हेही खेळाडूनेच ठरवायचे, कारण असडी तांदूळ ठेवला तर देवीला एक प्रकारचे बळ मिळते आणि पांढराशुभ्र सडला तर दुसऱ्या प्रकारचे.

कोकणातील वाचकाला यातील जवळजवळ प्रत्येक पायरी ओळखीची वाटेल. मिठाच्या द्रावणात भाताचे बियाणे निवडण्याची शिफारस महाराष्ट्रातील कृषी विभागही करतो, आणि लावणीच्या वेळी मागे सरकणारी माणसांची रांग जपानमध्ये आणि रत्नागिरीत सारखीच दिसते. हा खेळ आला तेव्हा जपानी खेळाडू अडले की देशाच्या कृषी मंत्रालयाच्या संकेतस्थळावरील भातशेतीची माहिती उघडून वाचत, आणि ती उपयोगी पडे. देवीचे सामर्थ्य राक्षस मारून वाढत नाही, ते दरवर्षीच्या सुगीतून वाढते; म्हणजे रोल-प्लेइंग गेममधील ‘पातळी वाढणे’ ही कोरडी आकडेवारी येथे पिकाच्या गुणवत्तेशी बांधलेली आहे, आणि ही कल्पना या प्रकारातील सर्वोत्तम कल्पनांपैकी एक मानली पाहिजे. तीन दिवसांचा एक ऋतू आणि बारा दिवसांचे एक वर्ष, असे येथील घड्याळ आहे. एक हंगाम साधला नाही तरी दुसरा लवकरच येतो. लढाया मात्र चपळाईच्या आहेत, तेव्हा त्यांची पातळी सोपी ठेवून शेतीत रमणे हाच निवांत खेळाडूसाठी योग्य मार्ग.

खेळाडूच्या स्वतःच्या घड्याळाची काळजी करणारे खेळही या परंपरेत आहेत. जाहिरातलेखक म्हणून ख्यातनाम असलेल्या शिगेसातो इतोई यांनी रचलेला 1994 चा ‘मदर 2’, जो इंग्रजीत ‘अर्थबाउंड’ म्हणून आला, त्यात नायकाचे वडील कधी दिसत नाहीत. ते फक्त फोनवर भेटतात, खेळाची नोंद त्यांच्याकडेच जतन करायची असते, आणि बराच वेळ खेळ चालू राहिला की ते स्वतः फोन करून आता थोडी विश्रांती घे असे सुचवतात. नायकाला घरची आठवण येऊ लागली तर लढाईत त्याचे चित्त लागत नाही, आणि त्यावर उपाय एकच, आईला फोन करणे. 1997 च्या ‘मून’ या खेळाने तर वीरनायकालाच बाजूला सारले : नायक राक्षस मारत पुढे जातो आणि खेळाडू मागून येऊन त्या राक्षसांचे आत्मे मुक्त करतो, गावकऱ्यांच्या लहानसहान गरजा जाणून घेतो आणि त्यातून प्रेम साठवतो. प्रारंभी त्याला अगदी थोडा वेळ जागे राहता येते व त्याआधी बिछाना गाठावा लागतो. प्रेम वाढेल तसा दिवस लांबत जातो. पहिले दोन-तीन तास त्यामुळे त्रासाचे जातात, पण ज्याला चिकाटी आहे त्याने हा खेळ सोडू नये. त्याची इंग्रजी आवृत्ती यायला 2020 साल उजाडावे लागले.

दीर्घ कादंबरी वाचण्याची सवय असलेल्या वाचकाला फाल्कोम कंपनीचा ‘ट्रेल्स इन द स्काय’ अधिक भावेल. 2004 मध्ये निघालेल्या आणि 2025 मध्ये नव्या रूपात आलेल्या या खेळात कथेने एक पाऊल पुढे टाकले की गावातील बहुतेक प्रत्येक माणसाचे बोलणे बदलते. भटारखान्यातील मुलाचे भांडण, कोतवालाची तक्रार, म्हातारीचे हरवलेले मांजर, सगळे आपापल्या गतीने चालू असते, आणि ते ऐकत हिंडण्यातच खरा रस आहे. कथा पहिल्या खंडात पूर्ण होत नाही, हे मात्र आधीच माहीत असलेले बरे. उलट स्टुडिओ जिबलीच्या चित्रांनी आणि जो हिसाइशी यांच्या संगीताने नटलेला ‘नि नो कुनी’ बालसुलभ दिसत असला, तरी त्याच्या आरंभीच नायकाची आई मरण पावते. लहान मुलांच्या हाती तो देण्यापूर्वी पालकांनी हे ध्यानात घ्यावे.

भारतातील खेळाडूसाठी व्यावहारिक बाजू अशी की, निन्टेंडोच्या यंत्रांची अधिकृत विक्री येथे रुजलेली नाही, त्यामुळे ती यंत्रे आयात केलेल्या मालातून, चढ्या भावाने आणि पुरेशा हमीशिवाय घ्यावी लागतात. वर उल्लेखिलेल्यांपैकी ड्रॅगन क्वेस्टचे अलीकडील भाग, अतेलिये, रून फॅक्टरी, साकुना, शिनचॅन आणि ट्रेल्स हे खेळ मात्र संगणकावर स्टीम या दुकानातून रुपयांत घेता येतात. यांतील एकही खेळ मराठीत नाही. इंग्रजी वाचनाची बऱ्यापैकी सवय लागतेच, कारण या परंपरेची सगळी गंमत संवादांत आहे.

आरंभ कोठून करावा, या प्रश्नाला या लेखापुरते एकच उत्तर द्यायचे तर ते ‘ड्रॅगन क्वेस्ट 11 एस’ हेच आहे. त्याच्या कथेत दुःखद वळणे आहेत आणि ती पुरती वाचायला साठ-सत्तर तास सहज लागतात, पण त्यातील लढाई पाळीची वाट पाहते, गावे जिव्हाळ्याची आहेत, आणि वाटेत थांबणाऱ्याला तो कधीच दंड करत नाही. जवळजवळ दहा तासांचा त्याचा सुरुवातीचा भाग विनामूल्य उतरवून घेता येतो, आणि त्यात केलेली प्रगती पुढे विकत घेतलेल्या पूर्ण खेळात जशीच्या तशी नेता येते.